पाण्यात आधीच काय आहे

बिनमातीची शेती बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न खताचा विचारतो. कुठलं घालता, लिटरला किती, कुठे मिळतं. मी आधी पाण्याच्या रिपोर्टचा कागद पुढे करते. एकच पान. वर सामू, म्हणजे पीएच, ७.८, क्षारता, म्हणजे क्षारांमुळे पाणी किती वीज वाहतं ते सांगणारा ईसीचा आकडा, १.०९ आणि खाली आठ ओळी. बहुतेक जण त्यावरून नजर फिरवून कागद परत देतात आणि पुन्हा खतावर येतात. मला मात्र त्या आठ ओळींविषयीच बोलायचं असतं. सिन्नर तालुक्यातल्या या माळावर माझ्या पॉलिहाऊसमध्ये लेट्यूस, बेसिल आणि टोमॅटो येतात, आणि त्यांना जे जे लागतं त्यातलं बरंच काही एकही पोतं उघडण्याआधी पाण्यात आलेलं असतं. नको असलेलंही आलेलं असतं.

आमच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे कॅल्शियम ७२ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ४९, सोडियम ७४ आणि पालाश, म्हणजे पोटॅशियम, ४. हे धन भाराचे. ऋण भाराच्या बाजूला बायकार्बोनेट ३६६, क्लोराइड ९२, सल्फेट ६७, नायट्रेट ५६. या दोन बाजूंची बेरीज जुळलीच पाहिजे, कारण पाणी विजेच्या दृष्टीने उदासीन असतं. प्रत्येक आकड्याला त्याच्या त्याच्या तुल्यभाराने, म्हणजे अणूच्या किंवा रेणूच्या भाराला त्याच्या विद्युत भाराने भागून येणाऱ्या आकड्याने, भागायचं. कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२, सोडियमला २३, बायकार्बोनेटला ६१, असं. आमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंना साधारण १०.९ मिलिइक्विव्हॅलंट येतात, या भागाकाराच्या उत्तराचं हे एकक. शिवाय क्षारतेला दहाने गुणलं की साधारण हाच आकडा यायला हवा, आणि १.०९ ला दहाने गुणलं की तो येतो. तिन्ही जुळले की रिपोर्टवर विसंबायला हरकत नाही. जुळले नाहीत तर नमुना पुन्हा पाठवायचा. ही पडताळणी करायला दहा मिनिटं पुरतात आणि पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा असतो, म्हणून मी ती कधी टाळत नाही.

नमुना घ्यायचीही एक रीत आहे. मोटर अर्धा तास चालू द्यायची, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जातं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही आणि शक्य तर त्याच दिवशी लॅबला पोहोचवायची. पाणी उघडं राहिलं तर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो, थोडा चुना तळाशी बसतो आणि रिपोर्ट बाटलीतल्या पाण्याचा येतो, बोअरमधल्या नाही.

शेजारचे आबा द्राक्षवाले आहेत. आयुष्य बागेत गेलेलं, पान-देठ परीक्षणाचे कागद त्यांच्या घरात पिशव्या भरून आहेत. त्यांनी माझा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले,

"ताई, पाणी तर गोड हाय आपलं. मचूळ असतं तर जिभेला कळलं नसतं का?"

"गोडच आहे, आबा. पण तुमच्या ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं बसतं ते कुठून येतं?"

"ते व्हय? ते तर समद्यांच्याच ठिबकमध्ये बसतं. ॲसिड सोडलं की निघतं."

दोघांचंही बरोबर होतं. जीभ मीठ ओळखते. क्लोराइड आणि सोडियम बरंच वाढलं की पाणी मचूळ लागतं. बायकार्बोनेट जिभेला कळत नाही. ते गिझरच्या कॉइलला कळतं, ठिबकच्या ड्रिपरला कळतं आणि मुळांना कळतं.

ते येतं कुठून, तर पायाखालच्या दगडातून. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. हा काळा पाषाण, बेसॉल्ट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने भरलेला आहे. पावसाचं पाणी जमिनीत उतरताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि दगडाच्या फटींतून झिरपत त्याला फार सावकाश विरघळवतं. दगडातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटतं, आम्लाचं बायकार्बोनेट होतं. बोअर जितकी खोल आणि पाणी जितकं जुनं, तितकी ही देवाणघेवाण अधिक झालेली. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी आमचा रिपोर्ट एक सांगतो आणि पाऊस मुरल्यावर दुसरं. वर्षातून दोनदा तरी तपासणी करावी असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठी.

आठ ओळींतली एक ओळ मात्र दगडातून आलेली नाही. नायट्रेट ५६. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घातलेली मर्यादा ४५ आहे. बेसॉल्टमध्ये नत्र, म्हणजे नायट्रोजन, नसल्यात जमा असतं. हे नायट्रेट आपल्याच रानातल्या युरियाचं, उकिरड्याचं, शोषखड्ड्यांचं. माझ्या लेट्यूसला त्यातून लिटरमागे साडेबारा मिलिग्रॅम नत्र फुकट मिळतं, आणि त्याच पाण्यात तान्ह्या बाळाची पावडर कालवायची म्हटली तर ते घातक ठरू शकतं. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाटतं. आमच्या घरात पिण्याचं पाणी वेगळं आहे. वस्तीवर सगळ्यांच्या घरी तसं नाही.

आता कृतींविषयी. इंटरनेटवर हायड्रोपोनिक्सच्या द्रावणाच्या कृती शोधल्या की फिरून फिरून एक नाव भेटतं, होगलँड. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेनिस होगलँड. त्यांच्या आधी त्याच विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून मातीविना पिकं वाढवण्याचा मोठा गाजावाजा केला होता. टोमॅटोचे वेल वीस-पंचवीस फूट चढलेले, वर्तमानपत्रांत फोटो, आता शेतजमिनीची गरजच उरणार नाही अशी भाषा. होगलँड आणि त्यांचे सहकारी डॅनियल आर्नन यांनी तो दावा शांतपणे तपासला आणि १९३८ साली एक पुस्तिका काढली. त्यांचा निष्कर्ष असा की चांगल्या मातीत नीट निगा राखून जितकं पिकतं, साधारण तितकंच पाण्यात पिकतं. पाण्यात कसली जादू नाही. या पुस्तिकेतली कृती आज जगभर वापरली जाते, पण तिच्यामागचा हा संयम फारसा कोणी सांगत नाही. मला तो कृतीपेक्षा मोलाचा वाटतो.

त्या कृतीत लिटरमागे नत्र २१०, स्फुरद (फॉस्फरस) ३१, पालाश २३५, कॅल्शियम २०० आणि मॅग्नेशियम ४८ मिलिग्रॅम आहे. आणि आमच्या बोअरमध्ये मॅग्नेशियम किती, तर ४९. म्हणजे होगलँड यांनी मॅग्नेशियम सल्फेटमधून जेवढं घातलं, तेवढं सह्याद्रीच्या दगडाने आम्हाला आधीच दिलेलं आहे. कृतीत लिहिलंय म्हणून कोणी वरून मॅग्नेशियम सल्फेट ओतलं तर पाण्यात ते दुप्पट होईल. मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पालाश मुळाच्या दारात एकमेकांशी झगडतात. एक वाढलं की दुसऱ्याची वाट अडते. मग टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो, माणूस म्हणतो कॅल्शियम कमी पडलं, कॅल्शियमची फवारणी घेतो. टाकीत कॅल्शियम भरपूर असतं.

प्रयोगशाळेतल्या कृती शुद्ध पाणी धरून लिहिलेल्या असतात. तिथे शून्यापासून सुरुवात होते. आपली सुरुवात शून्यापासून होत नाही. जॉन वुडवर्ड या इंग्रज माणसाने १६९९ मध्ये पुदिन्यावरचे प्रयोग छापले होते. पावसाच्या पाण्यात, झऱ्याच्या, थेम्स नदीच्या आणि हाइड पार्कच्या पाटाच्या पाण्यात त्याने पुदिना वाढवला. पाटाच्या पाण्यात बागेतली माती कालवली होती तिथला पुदिना सगळ्यांत जास्त वाढला. झाडाला नुसतं पाणी पुरत नाही, पाण्यातून आलेलं दुसरं काहीतरी लागतं, एवढं त्याला समजलं. ते दुसरं म्हणजे नेमकं काय, याचा उलगडा व्हायला पुढची दीडशेहून अधिक वर्षं जावी लागली. जर्मनीत १८६० च्या दशकात युलिउस फोन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी शुद्ध पाण्यात मोजून क्षार घातले आणि झाड बी धरेपर्यंत वाढवून दाखवलं. मला वुडवर्ड अधिक जवळचा वाटतो. त्याच्या बाटल्यांत वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी होतं.

हिशोब मी वहीत करते. लेट्यूससाठी माझं लक्ष्य साधारण नत्र १५०, स्फुरद ४०, पालाश २००, कॅल्शियम १५०, मॅग्नेशियम ४० ते ५०. यातून पाण्यातलं वजा करायचं. मॅग्नेशियमचा रकाना रिकामा, काही घालायचं नाही. कॅल्शियम १५० वजा ७२, म्हणजे ७८ हवं. कॅल्शियम नायट्रेटमध्ये कॅल्शियम १८.८ टक्के असतं, तेव्हा लिटरला सुमारे ४१५ मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. त्यातून ६४ मिलिग्रॅम नत्रही आलं. इथवर सरळ आहे.

खरी गाठ बायकार्बोनेटची. ३६६ ला ६१ ने भागलं की ६ मिलिइक्विव्हॅलंट. त्यातलं पाऊण-एक ठेवायचं, बाकीचं आम्लाने मारायचं. पुष्कळ जण इथे सामूच्या मागे लागतात. सामू ७.८ आहे, आम्ल घालून ५.८ केला, झालं, असं वाटतं. दुसऱ्या दिवशी मीटर पुन्हा ७ दाखवतो. पुन्हा आम्ल, पुन्हा तेच. सामू हे त्या क्षणीचं चित्र आहे. पाण्याचा हट्ट किती आहे ते बायकार्बोनेट सांगतं. पावसाच्या पाण्याचा सामू एखाद्या दिवशी आमच्या बोअरइतका भरला, तरी त्याला दोन थेंब आम्ल पुरेल. बोअरच्या हजार लिटरला तीन-चारशे मिलिलिटर लागतं.

ते सगळं फॉस्फरिक आम्लाने करायचं ठरवलं तर ५.२ गुणिले ३१, म्हणजे १६० च्या वर स्फुरद झालं, लागतं त्याच्या चौपट. लोह आणि जस्त त्यात अडकून बसेल. सगळं नायट्रिकने केलं तर ७३ मिलिग्रॅम नत्र नुसत्या आम्लातून. म्हणून वाटणी करायची. हजार लिटरला ८५ टक्क्यांचं फॉस्फरिक साधारण ९० मिलिलिटर, त्यातून स्फुरदाचे ४० पूर्ण झाले, म्हणजे झिरो बावन्न चौतीसची पिशवी उघडायची नाही (विद्राव्य खतांच्या नावातले हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के). उरलेल्यासाठी ६० टक्क्यांचं नायट्रिक ३०० मिलिलिटर, त्यातून ५५ नत्र. त्यात कॅल्शियम नायट्रेटचे ६४ आणि बोअरचे साडेबारा मिळवले की १३० च्या पुढे गेलो. राहिलेलं नत्र तेरा झिरो पंचेचाळीसमधून, आणि राहिलेलं पालाश झिरो झिरो पन्नासमधून. आम्ल हेही खत आहे, हे ज्याने हिशोबात धरलं नाही त्याचं नत्र आणि स्फुरद नेहमी जास्त होतं.

आम्लाबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते आणि सांगत राहीन. आधी पाणी, मग त्यात आम्ल. आम्लात पाणी कधीही नाही. गॉगल आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि ते काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. नायट्रिकच्या वाफा छातीत जातात. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या मुलाला मी पहिले काही महिने आम्लाच्या कॅनला हात लावू दिला नव्हता.

नाशिक जिल्ह्यात राहण्याचा एक फायदा आहे. द्राक्षांमुळे इथल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खतं मिळतात, आणि काउंटरवर उभा असलेला शेतकरी एकोणीस-एकोणीस, बारा एकसष्ट, झिरो बावन्न चौतीस असे आकडे पाठ म्हणतो. पण मातीतली सवय पाण्यात जशीच्या तशी चालत नाही. १९:१९:१९ मध्ये निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत जिवाणू त्या युरियाचं अमोनियम करतात, अमोनियमचं नायट्रेट करतात, मग पीक घेतं. आमच्याकडे मुळं पाइपातल्या पाण्यात असतात, आणि त्या स्वच्छ पाण्यात हे जिवाणू पुरेसे नसतात. आणखी म्हणजे युरियाला विद्युत भार नाही, त्यामुळे क्षारता मापणाऱ्या मीटरला तो दिसतच नाही. मीटर म्हणतो द्रावण पातळ आहे, माणूस आणखी घालतो. मातीविना पिकवायचं तर एकोणीस-एकोणीस आबांच्या बागेसाठी सोडावं.

ढवळण्याचं काम मला मनापासून आवडतं. दोन टाक्या, अ आणि ब, दोन्हींत शंभरपट दाट द्रावण. अ मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह. ब मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट असलेली सगळी, शिवाय सूक्ष्म अन्नद्रव्यं. या दोघांची दाट अवस्थेत गाठ पडू द्यायची नाही. पडली की दूध नासावं तसं पाणी क्षणात फुटतं आणि तळाशी पांढरा साका बसतो. तो साका जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेटचा असतो, तो पुन्हा विरघळत नाही आणि पिकाच्या उपयोगाचा राहत नाही. मोठ्या टाकीत पाणी भरून, त्यात आधी एक सोडून, नीट ढवळून, मग दुसरं सोडलं तर काही होत नाही, कारण तिथे ती शंभरपट पातळ झालेली असतात.

कॅल्शियम नायट्रेट विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं. भर मे महिन्यात टाकीला बाहेरून हात लावला तर ती गार लागते, कधी घाम धरते. त्यामुळे एकदम पोतं रिकामं केलं तर शेवटचे खडे विरघळायला वेळ लावतात. थोडं थोडं घालावं. झिरो झिरो पन्नास तर मुळातच सावकाश विरघळतं, त्याला आदल्या संध्याकाळी भिजत घालणं बरं.

सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घेतला आहे. दहा हजार लिटर द्रावणाला पुरेल एवढं सोडियम मॉलिब्डेट सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतं. मोरचूदही असंच चिमूटभर. बोरॉनच्या बाबतीत कमी आणि जास्त यांतलं अंतर फार थोडं, तेव्हा बोरिक ॲसिड अंदाजाने कधीच घालू नये. लोहाचं वेगळं. त्याला धरणारे रेणू वेगवेगळे असतात. साधं ईडीटीए लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, डीटीपीए आणखी थोडं टिकतं, ईडीडीएचए मात्र चुनखडीच्या पाण्यातही तग धरतं. ते गडद लाल असतं, त्याचा रंग बोटांवर राहतो. आपल्या जड पाण्याला स्वस्त ईडीटीए घेतलं की कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. दुकानदार लोहाची आणखी एक पुडी देतो. दोष पुडीचा नसतो, बायकार्बोनेटचा असतो. लोहाचं द्रावण उजेडातही बिघडतं, म्हणून अ टाकी काळी आणि झाकलेली.

मीटरविषयी थोडक्यात. सामूचा मीटर ४ आणि ७ च्या बफरने, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणाने, दर आठवड्याला जुळवून घ्यावा, त्याचं टोक कधी कोरडं ठेवू नये, आणि डिस्टिल्ड पाण्यातही ठेवू नये. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण मिळतं. क्षारतेचा मीटर १.४१३ च्या द्रावणावर तपासावा. आणि पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग या मापात, बोलू नये. काही मीटर क्षारतेला ५०० ने गुणतात, काही ७०० ने. एकाचे ९०० आणि दुसऱ्याचे १२६० हे एकच पाणी असू शकतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर निम्मे वाद यामुळेच होतात.

उन्हाळा ही खरी परीक्षा. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. त्याच वेळी तापलेल्या मुळांना तो जास्त हवा असतो. पाइप तापले, पाणी कोमट झालं की मुळं तपकिरी होतात, बुळबुळीत होतात, पिथियम नावाची बुरशी शिरते, आणि पाण्यात उभं झाड दुपारी कोमेजतं. म्हणून मुख्य टाकी जमिनीत पुरली आहे, पाइपांना पांढरा रंग आहे आणि परत येणारं पाणी टाकीत उंचावरून पडतं. त्या दिवसांत झाडं अन्नापेक्षा पाणी जास्त ओढतात, टाकीतली क्षारता आपोआप चढते. अशा वेळी द्रावण पातळ करायचं. क्षारता उतरायला लागली तर झाडं खात आहेत असं समजायचं. सकाळ-संध्याकाळ हे दोन आकडे लिहून ठेवले की पीक काय करतंय ते पानांच्या आधी वहीला कळतं.

पण वहीतही एक फसवी जागा आहे, आणि ती सोडियमची. लेट्यूस सोडियम फारसं घेत नाही. टाकीतलं पाणी झाडं पितात, आपण बोअरचं पाणी घालून टाकी पुन्हा भरतो, आणि प्रत्येक भरणीबरोबर लिटरमागे ७४ मिलिग्रॅम सोडियम आत येतं. टाकीच्या तिप्पट पाणी असं वरून घातलं गेलं आणि झाडांनी सोडियम घेतलंच नाही असं धरलं, तर ते ३०० च्या घरात पोहोचतं. त्याची एकट्याची क्षारता १.३ भरते. मीटर तर तेव्हाही १.८ दाखवतोय, कारण आपण खत घालताना १.८ वर थांबतो. पहिल्या आठवड्यातल्या १.८ मध्ये अन्न होतं, आताच्या १.८ मध्ये बहुतेक मीठ आहे. आकडा तोच, पाणी वेगळं. म्हणून ठरावीक काळाने टाकी बदलावीच लागते.

मग ते जुनं पाणी कुठे जातं? या प्रश्नाशी बहुतेक मार्गदर्शन संपतं. बदललेल्या द्रावणात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नत्र जरी उरलं असलं, तरी नायट्रेटच्या भाषेत ते ४४० च्या वर जातं, पिण्याच्या मर्यादेच्या जवळजवळ दहापट. ते ओढ्याला सोडलं तर ते मुरून याच पाणथरात येणार, आमच्या आणि आबांच्या बोअरमध्ये, वस्तीच्या हातपंपात. रिपोर्टमधल्या त्या ५६ मध्ये आपली भर पडायला नको, एवढं मी पक्कं धरून चालते. बांधाला हत्तीगवत आणि नारळ लावलेत. जुनं पाणी तिथे जातं, तेही एका जागी न सोडता फिरवून, गवताला पचेल एवढं. गवत कापून शेजारच्या गोठ्यात जातं. हत्तीगवताला नत्राची भूक मोठी असते आणि सोडियम ते लेट्यूसपेक्षा बरं सोसतं.

आरओ बसवा, सगळे प्रश्न सुटतील, असं मला अनेकांनी सुचवलं. सुटतीलही. पण असं क्षारांचं पाणी गाळताना आरओ बरंचसं पाणी बाहेर फेकतो, आणि फेकलेलं पाणी दुप्पट-तिप्पट क्षारांचं असतं. आमच्या तालुक्यात मे महिन्यात वाड्या-वस्त्यांवर टँकर येतात. तिथे पाणी उपसून त्यातलं इतकं नाल्याला सोडणं मला पटत नाही. दगडाने दिलेलं चांगलं कॅल्शियम-मॅग्नेशियम गाळून टाकायचं आणि तेच पोत्यातून विकत आणायचं, यातही काही शहाणपण नाही.

त्यापेक्षा छपराकडे पाहावं. पॉलिहाऊस १००८ चौरस मीटरचं आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तासा-दीड तासावरच्या इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि आम्ही पर्जन्यछायेत. तरी बेताच्या वर्षात पाचशे मिलिमीटर धरला, तर छपरावर पाच लाख लिटर पडतात. गळती, उडणारं, पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून देणं, हे सगळं जाऊन चार लाख लिटर हाती लागायला हरकत नाही. लेट्यूसला रोज दोन-अडीच हजार लिटर लागतं. अर्ध्या वर्षाला पुरेल एवढं पाणी आतापर्यंत पॉलिहाऊसच्या पन्हाळीतून वाहून जात होतं. हॉलंडमधले ग्रीनहाऊसवाले सोडियमच्याच भीतीने छपरावरचं पाणी साठवतात, आणि त्यांच्याकडे पाऊस बारा महिने असतो. आपल्याकडे चार महिन्यांत गोळा करून आठ महिने टिकवायचा आहे, म्हणून तळं खोल हवं आणि झाकलेलं हवं, नाहीतर शेवाळ आणि बाष्पीभवन दोन्ही त्रास देतात. यंदा अस्तर घातलेलं शेततळं पन्हाळीला जोडलं आहे.

नुसत्या पावसाच्या पाण्यावरही मला जायचं नाही. त्यात धरून ठेवणारं काहीच नसतं, मुळांनी जरा नायट्रेट उचललं की सामू इकडे, अमोनियम उचललं की तिकडे. तीन भाग पावसाचं आणि एक भाग बोअरचं, असं मिश्रण धरून मी वहीत नवा हिशोब मांडलाय. बायकार्बोनेट ६ वरून दीडवर येतं. त्यातला अर्धा मिलिइक्विव्हॅलंट ठेवला तर मारायचं राहतं एक. ते एक मिलिइक्विव्हॅलंट फॉस्फरिक आम्लाने मारलं की स्फुरद मिळतं ३१ मिलिग्रॅम, होगलँड यांच्या कृतीत असतं तेवढंच. हजार लिटरला ७० मिलिलिटर आम्ल, आणि नायट्रिकच्या कॅनची गरज संपली. सोडियम ७४ वरून १८ वर, म्हणजे टाकी बदलण्याची पाळी पुष्कळ उशिरा येणार आणि बांधाकडे जाणारं जुनं पाणी कमी होणार. कॅल्शियम १८ उरतं आणि मॅग्नेशियम १२, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटचं पोतं मात्र आता आणावं लागेल. आबांनी तो हिशोब दोनदा वाचून घेतला आणि त्यांच्या विहिरीच्या पाण्याचाही असाच मांडून द्यायला सांगितलाय. मोटर अर्धा तास चालवून मगच बाटली भरायची, हे त्यांना सांगून ठेवलं आहे.